किशोरवयीन मुलाला पॅनिक अटॅक येतात तेव्हा: पालकांनी सुरुवात कुठून करायची आणि पुढे काय करायचं

माझ्या मुलीला पहिला पॅनिक अटॅक आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्यानंतर कोणाकडे जायचं, शाळेत काय सांगायचं, तिला समजवायचं की एकटं सोडायचं, हे सगळं आम्हाला दहा ठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इथे ते क्रमाने मांडते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार तज्ज्ञच ठरवतील. पण तज्ज्ञ भेटतात आठवड्यातून तासभर. उरलेला सगळा वेळ मूल तुमच्याजवळ असतं, आणि हा लेख त्या वेळासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण खालच्या बहुतेक पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. मुलाला कधीच भीती वाटू नये अशी सोय करणं हे आपलं काम नाही. भीती वाटत असतानाही आपण तग धरू शकतो, याचा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा येऊ देणं हे आपलं काम आहे. पहिली वाट मायेची वाटते, पण तिच्यावरून चालताना मुलाचं जग आक्रसत जातं.

१. आधी शरीराची तपासणी करून घ्या

छातीत धडधड, दम लागणं, घाम, थरथर, चक्कर, मळमळ, हातापायांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, आणि "मी आता मरणार" किंवा "मला वेड लागतंय" अशी खात्रीच पटणं, ही पॅनिक अटॅकची लक्षणं. यातली बरीचशी इतर आजारांतही दिसतात. थायरॉईडचं काम वाढणं, रक्त कमी असणं, दमा, साखर उतरणं, हृदयाची लय बिघडणं, यांपैकी काही नाही ना हे आधी पाहायला हवं. म्हणून पहिल्यांदा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ते सहसा रक्ताची साधी तपासणी, थायरॉईड आणि गरज वाटली तर ईसीजी सांगतात. मूल कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक किती घेतं, कुठली औषधं चालू आहेत, सिगारेट, व्हेप किंवा गांजा यांचा संबंध आहे का, हेही डॉक्टरांना कळायला हवं. आईवडिलांसमोर मूल हे बोलणार नाही. त्याला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, आणि तुम्ही स्वतःहून उठून बाहेर जा.

धावताना किंवा खेळताना छातीत दुखलं, मूल खरोखर बेशुद्ध पडलं, ओठ निळसर झाले, किंवा घराण्यात तरुण वयात अचानक हृदय बंद पडून कोणी गेलं असेल, तर "टेन्शन असेल" म्हणून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्ट नॉर्मल आले की दोन खड्डे टाळायचे. पहिला म्हणजे "बघ, तुला काहीच झालेलं नाही" असं म्हणणं. मुलाला जे झालं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त त्याचं कारण हृदयात नव्हतं. दुसरा खड्डा म्हणजे प्रत्येक अटॅकनंतर पुन्हा ईसीजी, पुन्हा नवा डॉक्टर. तपासणी एकदा नीट करून घ्यायची आणि थांबायचं. दर वेळी तपासणी केली तर "मला काहीतरी भयंकर झालं असणार" हा मुलाचा संशय आपणच पक्का करत जातो.

२. अटॅकमध्ये काय होतं ते मुलासोबत बसून समजून घ्या

हे बोलणं अटॅक नसताना करायचं, एखाद्या निवांत संध्याकाळी.

मेंदूला धोका जाणवला की ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास भराभर चालतो, स्नायू ताठरतात. पळायला किंवा लढायला ही तयारी कामाची असते. पॅनिक अटॅकमध्ये समोर धोका काहीच नसतो, तयारी मात्र पुरी होते. श्वास गरजेपेक्षा जास्त वेगाने चालल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो. त्यामुळे डोकं हलकं वाटतं आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. कधी कधी हाताची बोटं आपोआप जवळ येऊन वाकडी होतात आणि सरळच होत नाहीत. माझ्या मुलीचं असं व्हायचं आणि तिला वाटायचं की आपल्याला लकवा मारतोय. कारण कळल्यावर बोटं वाकडी व्हायची थांबली नाहीत, पण ती त्यांच्याकडे बघून म्हणायला लागली, "हं, श्वास जोरात चाललाय." तिथून तिचे अटॅक छोटे होत गेले.

अटॅकचा जोर बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग उतरायला लागतो. अर्ध्या तासात बहुधा बरंच शांत झालेलं असतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तरी मूल सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण त्या वेळी रक्तदाब वाढलेला असतो, उतरलेला नसतो. (रक्त किंवा सुई बघून भोवळ येणारी मुलं याला अपवाद. त्यांचा रक्तदाब खरंच घसरतो.)

डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिकचं जे चक्र मांडलं, ते कागदावर काढून मुलाला दाखवा: शरीरात काहीतरी जाणवतं, मन त्याचा भयंकर अर्थ लावतं, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड म्हणजे मनाला पुरावाच मिळतो. चक्र कुठे तोडता येईल हे मूलच बोट ठेवून सांगतं.

३. अटॅक चालू असताना

तुमचा आवाज खाली आणा. तुमचा चेहरा घाबरलेला असेल तर शब्दांचा उपयोग नाही. मुलाच्या शेजारी, त्याच्याइतक्याच उंचीवर बसा, अगदी समोर नको. गर्दी असेल तर लोकांना बाजूला करा, आणि भावंडांना एखादं काम देऊन दुसरीकडे पाठवा.

बोलायचं थोडं आणि तेच तेच. आमच्या घरात ठरलेली वाक्यं अशी: "हा अटॅक आहे. त्रास होतोय, पण धोका नाही. तो उतरणार आहे. मी इथेच आहे." एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. "शांत हो", "एवढं काय झालं", "लोक बघतायत", "काल तर बरी होतीस" ही वाक्यं तोंडातून निघू द्यायची नाहीत. "काय झालं? कशामुळे झालं? कोणी काही बोललं का?" ही सरबत्तीही त्या वेळी नको. बहुतेकदा मुलालाच कारण माहीत नसतं, आणि उत्तर देता येत नाही याची भीती वर भर घालते.

श्वासाचं सांगायचं तर "खोल श्वास घे" म्हणू नका. ते मूल आधीच जास्त श्वास घेत असतं. श्वास सोडण्यावर भर द्या: चार मोजत नाकाने हळू आत, सहा मोजत बाहेर. तोंडाने हुकूम सोडण्यापेक्षा तुम्ही स्वतः त्या लयीत ऐकू येईल असा श्वास घ्या, म्हणजे त्याला जमेल तेव्हा ते तुमच्यात मिसळेल. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोक्याचा ठरू शकतो.

काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घाबरं होतं. त्यांना पाच दिसणाऱ्या वस्तू, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव असं मोजायला लावतात. माझ्या मुलीला मोजणंही नको असायचं. ती जमिनीवर बसून दोन्ही तळवे गार फरशीवर दाबून धरायची, तेवढंच. हात धरलेला चालतो का, पाठीवर हात फिरवलेला चालतो का, बोललेलं हवं की नको, हे बऱ्या दिवशी विचारून ठेवा आणि लिहून ठेवा. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

उतरल्यावर मूल गळून जातं, रडतं, झोप येते, लाज वाटते. पाणी द्या. थोडा वेळ जाऊ द्या. मग जमेल तेवढं त्याला आधीच्या कामाकडे परत न्या. वर्गातून उठून आलं असेल तर वर्गात, वाढदिवसाला गेलं असेल तर निदान दहा मिनिटांसाठी परत तिथे. दर वेळी अटॅक म्हणजे थेट घर, असं झालं की मन शिकतं की आपण वाचलो ते पळून आलो म्हणून. खरं तर अटॅक त्याचा तो उतरलेला असतो.

४. एक फाईल तयार करा

तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीत बोलायला वेळ कमी मिळतो आणि नेमकं तेव्हाच काही आठवत नाही. फाईलमध्ये हे ठेवा:

- आजवरचे सगळे रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन, तारखेनुसार
- चालू औषधांची यादी, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि घरगुती औषधांसकट
- घराण्यात कोणाला चिंता, नैराश्य, थायरॉईड किंवा हृदयाचा त्रास आहे किंवा होता याची नोंद
- अटॅकची नोंदवही: कधी, कुठे, आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकला, नंतर काय केलं
- मूल हल्ली काय काय टाळतं याची यादी
- शाळेतली हजेरी आणि शिक्षकांचं काही म्हणणं असेल तर ते

यात शेवटून दुसरी यादी सर्वांत कामाची. अटॅक किती आले यापेक्षा, अटॅकच्या भीतीने मुलाने काय काय सोडून दिलं, यावरून त्रास किती खोल आहे ते कळतं. नोंदवही शक्यतो मुलानेच लिहावी. तुम्ही वही घेऊन मागे मागे फिरलात तर त्याला आपण सतत पहाऱ्यात आहोत असं वाटेल.

पहिल्या भेटीत प्रश्नावली भरायला देतात. 'स्केअर्ड' नावाची एक प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात ४१ प्रश्न असतात आणि मूल व पालक दोघांनी ती वेगवेगळी भरायची असते. मुलाच्या उत्तरांत डोकावू नका. दोघांच्या उत्तरांत जिथे फरक पडतो, तीच तज्ज्ञांसाठी कामाची जागा असते.

५. योग्य माणूस शोधा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशकांचं प्रशिक्षण वेगवेगळ्या दर्जाचं असतं, म्हणून ते विचारून घ्यायला संकोच करू नका. फोनवरच तीन प्रश्न विचारा: किशोरवयीन मुलांबरोबर नेहमी काम करता का? पॅनिकसाठी कोणती पद्धत वापरता? पालकांना मध्ये मध्ये बोलावता का?

दुसऱ्या उत्तरात "सीबीटी" आणि "एक्सपोजर" हे शब्द यायला हवेत. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी थेरपी. एक्सपोजर म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ ठरवून, पायरीपायरीने जाणं. पॅनिकमध्ये तर मुद्दाम जागेवर पळायला लावून धडधड वाढवतात, खुर्चीवर गोल फिरवून चक्कर आणतात, म्हणजे शरीरातल्या त्या जाणिवांचीच भीती मोडते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अंगावर काटा आला होता. पण याच कामाने माझी मुलगी पुन्हा जिना धावत चढायला लागली. फक्त गप्पा, धीर आणि रिलॅक्सेशनच चालू असेल आणि काही महिन्यांनीही मूल तितक्याच गोष्टी टाळत असेल, तर थेरपिस्टना स्पष्ट विचारा.

थेरपिस्टच्या खोलीत काय बोलणं झालं हे मुलाला खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल तर ते तुम्हाला सांगतील, बाकी मुलाचं मुलाकडे राहू द्या.

आणि मूल यायलाच तयार नसेल तर? तरी तुम्ही जा. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर करायचा 'स्पेस' नावाचा कार्यक्रम बसवला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये तो मुलांच्या सीबीटीइतकाच परिणामकारक ठरला. 'स्पेस'च्या गटातली मुलं थेरपीला गेलीच नव्हती, आईवडिलांनी आपलं वागणं बदललं होतं.

६. औषधांबद्दल

औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टर, तुम्ही आणि मूल मिळून ठरवाल. माहिती असावी म्हणून दोन गोष्टी सांगते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चिंतेचे वेगवेगळे विकार असलेली ७ ते १७ वर्षांची ४८८ मुलं होती. बारा आठवड्यांनंतर सीबीटी आणि सर्ट्रालाईन (नैराश्यावर आणि चिंतेवर दिलं जाणारं एक औषध) दोन्ही घेतलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला. फक्त सीबीटीने सुमारे ६०, फक्त औषधाने ५५ आणि नुसत्या खोट्या गोळीने (जिच्यात औषधच नसतं) २४ टक्के. म्हणजे औषध म्हणजे हार नव्हे, आणि औषधाशिवाय गत्यंतर नाही असंही नव्हे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. सर्ट्रालाईन ज्या गटात येतं त्या नैराश्यविरोधी औषधांवर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००४ मध्ये ठळक इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांत औषध घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. याचा अर्थ एवढाच, की सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस बदलल्यावर मुलाकडे बारीक लक्ष ठेवायचं. अचानक चिडचिड, बेचैनी, झोप उडणं दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लगेच शांत करणाऱ्या, सवय लागू शकणाऱ्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घरातल्या कोणाच्या उरलेल्या असतील तर त्या मुलाला कधीही देऊ नका.

७. घरातली टाळाटाळ हळूहळू कमी करा

हा सगळ्यांत कठीण भाग, आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे.

चिंता असलेल्या मुलाच्या घरात नकळत नवे नियम तयार होतात. त्याच्या वतीने आपण फोन करतो. लिफ्ट नको म्हणून सगळे जिन्याने जातात. रात्री त्याला झोप लागेपर्यंत आई खोलीत बसते. "मला काही होणार नाही ना?" या प्रश्नाला दिवसातून अनेक वेळा "नाही रे राजा" असं उत्तर मिळतं. प्रत्येक वेळी मुलाला घटकाभर बरं वाटतं आणि प्रत्येक वेळी त्याला हेही कळतं की आपल्याला हे एकट्याला झेपणारं नाही.

आठवडाभर अशा गोष्टींची यादी करा आणि त्यातली एकच निवडा. एका दमात सगळं बंद केलं तर मूल कोसळेल आणि तुम्हीही. मग मुलाला आधी सांगा, भांडणाच्या वेळी नाही, शांतपणे: "तुला किती त्रास होतो ते मला दिसतंय. आणि तुला हे जमेल यावर माझा विश्वास आहे. म्हणून सोमवारपासून मी 'काही होणार नाही ना' याला एकदाच उत्तर देईन." या वाक्यात दोन्ही भाग लागतात. फक्त पहिला भाग असेल तर मूल अडकून पडतं, फक्त दुसरा असेल तर त्याला एकटं पडल्यासारखं वाटतं.

सुरुवातीला त्रागा होईल. प्रश्न दुपटीने येतील, "तुला माझी पर्वाच नाही" हेही ऐकावं लागेल. वाद घालायचा नाही, समजावत बसायचं नाही, आणि ठरलेलं मोडायचं नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकच धोरण ठेवायला हवं. आई ठाम आणि आजी चोरून उत्तर देणारी, असं झालं तर मूल आणखी गोंधळतं.

मुलाच्या टाळण्याच्या गोष्टींसाठी पायऱ्या त्याच्याकडूनच लिहून घ्या, शून्य ते दहा भीतीचे गुण देऊन. बसची भीती असेल तर: थांब्यावर उभं राहणं, तुमच्यासोबत एक थांबा जाणं, तुम्ही मागच्या सीटवर, मग तुम्ही पुढच्या थांब्यावर वाट पाहताय, मग एकट्याने. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत करायची, मगच पुढची. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. थोडी भीती घेऊन पुढे जायचं, त्यासाठीच तर हा सराव आहे.

८. शाळेशी बोला

भेटायला जाण्याआधी कोणाला किती सांगायचं हे मुलाला विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. एका पानात लिहून द्या: अटॅक कसा दिसतो, काय केल्याने मदत होते, काय करू नये, कधी घरी फोन करायचा. विश्वासातली एक शिक्षक व्यक्ती ठरवा आणि वर्गाबाहेर जाण्याची एक खूण, म्हणजे सगळ्यांसमोर परवानगी मागावी लागणार नाही. पण त्यासोबत परत येण्याची वेळही ठरवा, समजा पंधरा मिनिटं. परत येणं ठरलेलं नसेल तर बाहेरची खोली हाच कायमचा मुक्काम होतो.

शाळा पूर्ण सुटली असेल तर रोज थोडा वेळ का होईना, शाळेच्या दिशेने काहीतरी होऊ द्या: फाटकापर्यंत जाणं, लायब्ररीत अर्धा तास, एक आवडता तास. घरी जितके दिवस जातात तितकं परतणं जड होतं. आणि कोणी छळतंय का, याची चौकशी करायला विसरू नका. मूल छळाला घाबरत असेल तर तिथे आधी छळ थांबायला हवा. त्यावर एक्सपोजर हा उपाय नव्हे.

९. झोप आणि बाकी सवयी

या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री फोन खोलीबाहेर, घरातल्या सगळ्यांचा. एनर्जी ड्रिंक बंद, कॉफी कमी. व्यायाम हवाच, आणि पॅनिकमध्ये त्याचा जास्तीचा फायदा असा, की धडधडणारं हृदय म्हणजे धोका नव्हे हे शरीराला रोज कळत राहतं.

१०. लगेच मदत घ्यायची वेळ

मूल "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलतं, स्वतःला इजा करतं, आवडत्या वस्तू वाटून टाकतं, खाणंपिणं आणि बोलणं सोडतं, तर वाट पाहू नका. थेट विचारा: "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. "हो" म्हटलं तर रागवू नका, रडून त्याच्यावर अपराधाचं ओझं टाकू नका, त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालय किंवा तुमच्याकडच्या हेल्पलाइनशी बोला. तो नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा, मुलाच्याही.

११. पुन्हा सुरू झालं तर

बरे महिने जातात आणि परीक्षा, आजारपण किंवा घर बदलण्याच्या सुमारास अटॅक परत येतात. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. आधी केलेलं सगळं वाया गेलं असं मानू नका. पायऱ्यांची जुनी यादी काढा, एक-दोन पायऱ्या खाली या आणि तिथून पुन्हा चढा. दुसऱ्या वेळी वेग जास्त असतो, कारण रस्ता ओळखीचा असतो. थेरपी संपताना थेरपिस्टकडून एक पान लिहून घ्या: सुरुवातीच्या खुणा कोणत्या, पहिल्या आठवड्यात काय करायचं, किती दिवसांत फरक न पडल्यास परत यायचं. आमच्याकडे ते पान फाईलच्या अगदी वर असतं आणि मुलीच्या फोनमध्ये त्याचा फोटो आहे. गेल्या वेळी ते तिने स्वतःच उघडलं आणि आम्हाला नंतर सांगितलं.